शेवटची पाळी मालकाची

आखाजी हा खानदेशाचा मोठा सण. अक्षय्य तृतीयेच्या या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. आणि पुरुषमंडळी पारावर, खळ्यात, शेतातल्या झाडाखाली पत्त्यांचा डाव मांडून बसतात. नंदुरबार जिल्ह्यातले कळसाडी हे गाव याच रिवाजाच्या प्रदेशातले. परंतु आखाजीला आणखी एक अर्थ आहे, आणि तो सणाच्या वर्णनातून सहसा वगळला जातो. याच दिवशी सालदाराचे साल संपते. वर्षभर मालकाच्या शेतात राबलेल्या माणसाचा हिशेब होतो, उचल वळती होते, खाडे कापले जातात, आणि उरलेल्या रकमेवर किंवा उरलेल्या कर्जावर नवे साल ठरते. वर्षभराच्या श्रमाचा मोबदला हाती पडण्याचा दिवस आणि पत्ते पिसण्याचा दिवस एकच असावा, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नाही.

सालदारी आता पूर्वीइतकी सरसकट राहिलेली नाही. तरुण ऊसतोडीला जातो, गुजरातेत मजुरीला जातो, मुकादमाची उचल घेतो. पाराची जागाही आता मोबाइलने घेतली आहे. त्याच्या पडद्यावर झन्ना-मन्ना आणि तीन पत्तीच्या जोडीला एक परदेशी खेळ येऊन बसला आहे: ब्लॅकजॅक, म्हणजेच एकवीसचा डाव. तो शिकवणारे पुष्कळ आहेत. आधी खोट्या पैशांवर फुकट सराव, मग खऱ्या पैशांवर खेळ, असा हा अभ्यासक्रम. त्याचे घोषवाक्य एकच: नियम नीट शिका, म्हणजे हरणार नाही.

हा उपदेश वरवर मोठा समंजस वाटतो. जुगाराला पाप म्हणून झिडकारणाऱ्या कीर्तनकारापेक्षा तो आधुनिक वाटतो, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. त्याचे उत्तर कानांवर हात ठेवून देता येणार नाही. नियम शिकलेच पाहिजेत. मात्र ते अखेरपर्यंत शिकले पाहिजेत. जो नियम शिकवणारे अगदी हलक्या आवाजात सांगतात, तो मोठ्याने वाचला पाहिजे.

खेळाचे नियम

खेळ समजायला अवघड नाही. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पानांची किंमत त्यांच्या अंकाइतकी. गुलाम, राणी आणि राजा यांची प्रत्येकी दहा. एक्क्याची एक किंवा अकरा, जी सोयीची असेल ती. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा भेद येथे निरर्थक आहे. खेळाडू आधी पैज लावतो. त्याला दोन पाने मिळतात, वाटणाऱ्यालाही दोन. वाटणाऱ्याचे एक पान उघडे, एक झाकलेले. खेळाडूंची आपापसांत लढत नसते. प्रत्येकाची लढत एकट्याने, वाटणाऱ्याशी, म्हणजे अड्ड्याच्या मालकाशी असते.

एकवीसच्या जास्तीत जास्त जवळ जायचे, पण ती ओलांडायची नाही, हे सूत्र. खेळाडू आणखी पान मागू शकतो किंवा थांबू शकतो. पैज दुप्पट करून एकच पान घेऊ शकतो. दोन सारखी पाने आली तर जोडी फोडून दोन हात खेळू शकतो. सगळ्यांची पाळी संपल्यावर वाटणारा आपले झाकलेले पान उघडतो. त्याला मर्जी नसते: सोळा किंवा कमी असेल तर पान घ्यायचे, सतरा झाली की थांबायचे. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचे पान आले तर तो ब्लॅकजॅक, आणि त्याला जुन्या रीतीने शंभराला दीडशे मिळतात. बेरीज समसमान झाली तर पैज परत.

येथपर्यंत सर्व काही न्याय्य दिसते. किंबहुना खेळाडूचेच पारडे जड वाटते. तो थांबू शकतो, मागू शकतो, दुप्पट करू शकतो. मालकाचे हात मात्र नियमाने बांधलेले. मग मालक श्रीमंत कसा होतो?

हलक्या आवाजातला नियम

उत्तर पाळीच्या क्रमात आहे. खेळाडू आधी खेळतो, मालक शेवटी. खेळाडूची बेरीज एकवीसच्या वर गेली की त्याची पैज तत्क्षणी उचलली जाते. नंतर मालकाचीही बेरीज एकवीसच्या वर गेली तरी ती पैज परत मिळत नाही. दोघेही बुडाले तर बुडाला तो खेळाडूच. साऱ्या खेळाचा नफा या एका क्रमात दडलेला आहे. त्यासाठी पान लपवावे लागत नाही, खुणा कराव्या लागत नाहीत, लबाडीची गरजच नाही. हा जुगार प्रामाणिकपणे चालवला तरी मालकच जिंकतो. त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक तेवढ्यापुरतेच.

हाती सोळा आहेत आणि मालकाचे उघडे पान दहा आहे, असा प्रसंग वारंवार येतो. पान मागावे तर तेरा प्रकारच्या पानांपैकी आठ प्रकारची पाने, छक्कीपासून राजापर्यंतची, खेळाडूला बुडवतात. थांबावे तर मालक सतरा किंवा अधिक करून जिंकण्याचीच शक्यता मोठी. शास्त्र सांगते की अशा वेळी पान मागावे, कारण त्यात नुकसान किंचित कमी आहे. कमी नुकसान, एवढेच. ज्याला ‘अचूक खेळ’ म्हणतात तो बहुतांशी हरण्याचा वेग मंदावण्याची विद्या आहे.

याहून बोलका आहे तो ‘विमा’. मालकाचे उघडे पान एक्का असेल तेव्हा खेळाडूला सांगितले जाते: मालकाचा ब्लॅकजॅक होईल अशी भीती वाटते ना? मग पैजेच्या निम्म्या रकमेचा विमा काढा. झाकलेले पान दहाच्या किमतीचे निघाले तर दामदुप्पट मिळेल. आता हिशेब करावा. तेरा प्रकारच्या पानांपैकी चार प्रकारची पाने दहाच्या किमतीची, नऊ प्रकारची नाहीत. एकेक रुपयाचा विमा तेरा वेळा काढला तर सरासरीने चार वेळा दोन-दोन, म्हणजे आठ रुपये मिळतील आणि नऊ वेळा एकेक, म्हणजे नऊ रुपये जातील. तेरा रुपयांमागे एक रुपया मालकाचा. भीती दाखवायची, भीतीवर उतारा विकायचा, आणि उताऱ्यावरही नफा काढायचा! सावकारी ज्या प्रदेशाने पिढ्यान् पिढ्या भोगली, त्याला ही रीत नव्याने समजावण्याची आवश्यकता नाही.

शिवाय नियम कोणी ठरवायचे, हाही अधिकार मालकाचाच. अलीकडे अनेक ठिकाणी ब्लॅकजॅकला शंभरामागे दीडशेऐवजी एकशेवीसच दिले जातात. असे पान सरासरीने एकवीस डावांत एकदा येते. तीस रुपयांची ही कपात नवख्याच्या लक्षातही येत नाही. मात्र तिच्यामुळे प्रत्येक शंभराच्या पैजेवर सव्वा ते दीड रुपया जास्त कापला जातो. खाडे कसे कापले गेले हे ज्याला कधी उमगले नाही, तोच माणूस येथेही मेजाच्या अलीकडच्या बाजूला बसलेला असतो.

कौशल्य नावाची अफू

यावर कौशल्यवादी म्हणतील की हा खेळ बुद्धीचा आहे आणि बुद्धिमंतांनी त्याला हरवले आहे. वस्तुस्थिती तपासून पाहावी. अमेरिकेत १९५६ साली लष्करी सेवेतील चार तरुणांनी साध्या गणकयंत्रांवर दीर्घ आकडेमोड करून या खेळातील सर्वोत्तम चाली प्रसिद्ध केल्या. त्या चाली तंतोतंत पाळल्या आणि नियम उदार असले, तर मालकाची सरशी शंभरामागे सुमारे अर्ध्या रुपयावर येते. अंदाजाने खेळणाऱ्याचे शंभरामागे दोन रुपये, कधी त्याहूनही अधिक जातात. शंभराची पैज आणि ताशी साठ डाव धरले तर पहिल्याचे तासाला तीस रुपये, दुसऱ्याचे एकशेवीस. ही सरासरी झाली. एखाद्या रात्री तो जिंकेलही, आणि तीच रात्र त्याला पुढच्या शंभर रात्री बांधून ठेवील. मोबाइलच्या पडद्यावर तर पाने पिसायला आणि वाटायला वेळच लागत नाही. तेथे ताशी साठ डावांची मर्यादाही राहत नाही.

१९६२ साली एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने एक पाऊल पुढे टाकले. कोणती पाने पडून गेली याची मनात नोंद ठेवली तर काही वेळा पारडे खेळाडूकडे झुकते, हे त्याने आपल्या ग्रंथात सिद्ध केले. हाच तो कौशल्याचा विजय! पण मालकांनी काय केले? १९६४ साली लास व्हेगासच्या मालकांनी नियमच बदलले. गिऱ्हाईक रोडावले तेव्हा ते बदल मागे घेतले. मग एका कॅटऐवजी अनेक कॅट एकत्र पिसायला सुरुवात झाली, आणि पाने मोजणारा ओळखू आला की त्याला दाराबाहेर काढण्यात येऊ लागले. कौशल्याचा खेळ म्हणून ज्याची जाहिरात होते, त्यात कौशल्य दाखवणाऱ्याला प्रवेश नाही. मजुराने हिशेब शिकावा, पण मालकाच्या वहीत डोकावू नये, असाच हा प्रकार आहे.

आपल्या न्यायालयांनीही कौशल्य आणि नशीब यांची सीमारेषा आखण्याचा यत्न केला. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून त्याला व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे ठरवले. १९६७ साली सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला; तीन पानी खेळ मात्र निव्वळ नशिबाचा. या भेदाच्या फटीतून पुढे मोबाइलच्या कंपन्या आत शिरल्या. परंतु श्रमिकाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच आहे. मेजावर कौशल्य किती आणि नशीब किती, हे मोजून भागत नाही. पैसा कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या तिजोरीत स्थिरावतो, हे पाहावे लागते.

शासनाचे दोन चेहरे

या बाबतीत शासनकर्त्यांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. मुंबई इलाख्यातला जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा, इंग्रजांनी केलेला. आजही त्याच्याच आधारे झाडाखाली बसलेले पाच-सात जण पकडले जातात, काही रुपयांची रोकड आणि पत्त्यांचा कॅट ‘मुद्देमाल’ म्हणून जप्त होतो. दुसरीकडे १९६९ साली महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी सुरू केली. म्हणजे नशिबाचा व्यापार वाईट नाही. तो परवान्यावाचून केला तरच वाईट!

१९७६ साली, आणीबाणीच्या काळात, याच राज्याच्या विधिमंडळाने कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा संमत केला. तो कधी अमलात आला नाही, पण रद्दही झाला नाही. सुमारे सत्तेचाळीस वर्षे तो टांगता राहिला, आणि त्याच्या आधारावर कॅसिनो उघडू द्यावेत अशी मागणी मधूनमधून डोके वर काढीत राहिली. अखेर २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले; पण श्रमिकांच्या हिताचे कायदे असे अर्धशतक जपून ठेवण्याची तत्परता कधी दिसली नाही.

शेजारच्या गोव्याने दुसरी वाट धरली. १९९२ साली तारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना परवानगी मिळाली, १९९६ साली जहाजांवर मेजावरच्या खेळांना, आणि १९९९ पासून मांडवीच्या पात्रात जुगाराची जहाजे नांगरली. ब्लॅकजॅक आपल्या भागात उघडपणे खेळला जातो तो तेथे. महसूल आणि रोजगार ही त्याची समर्थने. परंतु १ फेब्रुवारी २०२० पासून त्याच शासनाने गोमंतकीयांनाच जुगाराच्या दालनात प्रवेशबंदी केली. ही बंदी म्हणजे शासनाने स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष आहे. करमणूक निर्मळ असेल तर घरच्यांना ती का नको? आणि घरच्यांना विष असेल तर पाहुण्यांना कशी चालते? पाहुणे म्हणजे तरी कोण, तर महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, देशभरातून गेलेली माणसे.

मोबाइलच्या जुगारात तर हा दुटप्पीपणा कळसाला पोहोचला. १ ऑक्टोबर २०२३ पासून केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर पुऱ्या रकमेवर २८ टक्के कर बसवला; म्हणजे मालकाच्या नालीबरोबर सरकारचीही नाल सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर विधान परिषदेच्या सभागृहातच रमी दिसत असल्याची चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करीत होतो, असा त्यांचा खुलासा होता. पुढे त्यांच्याकडून कृषी खाते काढून क्रीडा खाते देण्यात आले. त्यांचा खुलासा अक्षरशः खरा मानावा. तरीही प्रश्न उरतोच: जो खेळ न बोलावता मंत्र्याच्या हातातल्या पडद्यावर येतो, तो कळसाडीच्या तरुणाच्या पडद्यावर किती वेळा येत असेल?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच दूर सारला, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला, आणि खेळणाऱ्याला शिक्षेतून वगळले. बळी आणि शिकारी यांत फरक करणारे हे तत्त्व योग्य आहे, म्हणून या कायद्याचे स्वागत केले पाहिजे. कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, यात नवल नाही. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. परदेशातून चालणारे अड्डे दिल्लीच्या कायद्याला सहजासहजी भीक घालत नाहीत. आणि ज्या गरजेतून माणूस पानाकडे वळतो, ती गरज कोणत्याही बंदीने नाहीशी होत नाही.

कापसाचा आकडा

खानदेशातल्या शेतकऱ्याला तर आणखी एक गोष्ट ठाऊक असावयास हवी. मुंबईचा मटका जन्मला तो कापसातूनच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईत येत, आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६०च्या दशकाच्या आरंभी तो आधार तुटला, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडा मडक्यातून आणि पत्त्यांतून काढण्यास सुरुवात केली. ज्या कापसाने शेतकऱ्याला भावाच्या चढउतारात भरडले, त्याच कापसाच्या भावावर मुंबईचा गिरणी कामगार आपली मजुरी लावीत होता. पिकवणारा आणि कातणारा, दोघेही एकाच आकड्याचे बळी.

‘शेती हाच मुळी जुगार आहे, मग पत्त्यांचा बाऊ कशाला?’ असे जे चतुरपणे विचारतात, त्यांना येथेच उत्तर मिळते. शेती जुगार नाही. पाऊस अनिश्चित असेल. पण भाव, पाणी, कर्ज आणि मजुरी ही माणसांनी ठरवलेली असतात, आणि माणसांनी ठरवलेले माणसांना बदलता येते. शेतीला जुगार म्हणणे म्हणजे या व्यवस्थेच्या कर्त्यांना दैवाच्या आड लपवणे होय. ऋग्वेदातील जुगाऱ्यालाही अखेर फासे सोडून नांगर धरण्याचा उपदेश झाला आहे. मात्र जमीनच ज्याच्यापाशी नाही, त्याने कोणता नांगर धरावा, हा प्रश्न मागे उरतो.

शहाद्याचा धडा

त्याचे उत्तर याच मुलखाने एकदा दिले होते. १९७० नंतरच्या काळात शहादे परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या आदिवासी कार्यकर्त्यांनी आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेने सालदारांची मजुरी, बळकावलेल्या जमिनी आणि दुष्काळातील कामे यांसाठी लढे उभारले. त्या लढ्यांतच स्त्रिया पुढे आल्या. दारूने घर बुडते हे त्यांना प्रवचनातून शिकावे लागले नव्हते. त्यांनी गावोगाव जाऊन दारूचे गुत्ते बंद पाडले, मडकी फोडली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ती दारूबंदी मजुरीच्या लढ्यापासून वेगळी नव्हती. वाढवून घेतलेला पैसा गुत्त्यात जाऊ नये, हा तिचा हिशेब होता. त्यात नीती होती, पण ती पोटापासून तोडलेली नव्हती.

जुगाराविरुद्धची मोहीम याच पायावर उभी राहू शकते. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६च्या पेसा कायद्याने मादक पदार्थ आणि सावकारी यांवर नियंत्रणाचे अधिकार दिले. जुगाराचा मात्र त्यात उल्लेख नाही. तो अधिकार सर्वच ग्रामसभांना मिळावा. जुगारातून निर्माण झालेले कर्ज वसूल करू पाहणाऱ्या सावकारावर कारवाई व्हावी. छापा झाडाखालच्या मजुरावर पडण्याआधी नाल घेणाऱ्यावर पडावा. शाळेतल्या गणिताच्या तासाला विम्याचा तो तेरा पानांचा हिशेब फळ्यावर मांडला जावा. तेरा रुपयांतला मालकाचा एक रुपया ज्या मुलाने एकदा मोजला, त्याला जाहिरात सहसा फसवू शकणार नाही. नियम शिकण्याचा खरा उपयोग हाच आहे.

परंतु या साऱ्याच्या मुळाशी एक मागणी राहील. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. मागेल त्याला काम, हे त्याचे तत्त्व. ‘हमी’ हा शब्द ‘नशीब’ या शब्दाच्या नेमका विरुद्ध आहे. ज्याला कामाची हमी आहे, वेळेवर मजुरीची हमी आहे, आजारपणात औषधाची हमी आहे, त्याला एक्क्याची वाट पाहावी लागत नाही. जेथे हमी मोडीत निघते, तेथे पत्ते पिसले जातात. आणि हमी मोडणारे व पत्ते वाटणारे यांचे हितसंबंध फारसे वेगळे नसतात.

पुढच्या आखाजीला कळसाडीच्या परिसरात पुन्हा झोके बांधले जातील, पुन्हा हिशेब होतील. एकवीसच्या मेजावर शेवटची पाळी मालकाची असते, आणि तेथे बसून ती कोणालाही बदलता येत नाही. सालाच्या हिशेबातही शेवटचा शब्द आजवर मालकाचाच होता. पण हा दुसरा नियम मेजावरचा नाही. १९७२ साली शहाद्याच्या मजुरांनी एकत्र उभे राहून तो हलवून दाखवला होता. पहिला डाव सोडून देण्यात आणि दुसरा संघटितपणे लढण्यातच श्रमिकांचे शहाणपण आहे.